मीटरमधला पिवळा दिवा

देवरामचं पत्र येऊन चार महिने झाले होते आणि गजाननरावांनी अजून उत्तर पाठवलं नव्हतं.

पत्र लहानच होतं. बायको इंदुबाई गेल्यावर देवराम धूलकोटला पुतण्याकडे राहायला गेला, जाताना आपली जुनी गाडी गजाननरावांना देऊन गेला. नेपानगरच्या मिलमध्ये तीस वर्षं यंत्रांजवळ काढून त्याचे कान गेले होते, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. शेवटी त्यानं लिहिलं होतं : ‘मीटरमधला पिवळा दिवा लागला तर घाबरू नकोस. इंदू फार घाबरायची.’

पिवळा दिवा कधी लागलाच नव्हता.

याला उत्तर काय द्यायचं? लागत नाही, असं लिहावं तर बायको गेलेल्या माणसाची चूक काढल्यासारखं होतं. लागतो, असं लिहावं तर खोटं. देवराम दुःखानं भ्रमला की काय? की आपल्यालाच गाडीतलं काही कळत नाही? गजाननरावांचा जन्म मिलच्या वाचनालयात पुस्तकांवर नंबर टाकण्यात गेला होता. त्यांनी चार कोरी पोस्टकार्डं आणून ठेवली होती. ती कोरीच होती.

“महिन्याला एक ओळ लिहिली असती तरी चार झाल्या असत्या,” त्यांच्या पत्नी अलकाबाई सकाळीच म्हणाल्या होत्या.

आणि आता गाडी बुऱ्हाणपूरच्या लालबागेत कडू मिस्त्रीच्या गॅरेजसमोर उभी होती, उभ्या उभ्या थरथरत होती. रस्त्यावर धावताना ठीक. थांबली की हीव भरल्यासारखी. काल तर केळीच्या दोन ट्रकांच्या मधोमध बंद पडली होती. एका मिस्त्रीनं प्लग बदलले होते. दुसरा म्हणाला होता, दिवा लागत नाही म्हणजे सेन्सर चांगले आहेत, पेट्रोलमध्ये कचरा असेल. दोघांचंही गजाननरावांना पटलं होतं.

कडूनं इंजिन चालूच ठेवलं आणि एकेका सेन्सरची वायर काढून परत लावू लागला. पहिली काढली तर गाडीनं आचका दिला. दुसरी काढली तर बंद पडता पडता राहिली. तिसरी काढली. काहीच झालं नाही. तशीच थरथरत राहिली.

“पाहा सर. याला काढलं तर गाडीला फरकच नाही पडला. म्हणजे हा मेलेला आहे. कधीचाच.”

“पण मग दिवा?”

“तेच समजून नाही राहिलं. बंद करा. आता चाबी फिरवा, पण चालू नका करू.” कडू खिडकीतून आत वाकला. “सगळे दिवे लागले, इंजिनचा पिवळाच नाही. हा पयले लागायलाच पाहिजे. गाडी चालू झाली की मग बुझतो.”

गजाननरावांना हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं गाड्यांत बसून हे कोणी सांगितलं नव्हतं, की आपणच ऐकलं नाही?

कडूनं स्क्रू काढून मीटर बाहेर ओढलं आणि शीळ घातली. काचेच्या आतून, बरोबर त्या दिव्यावर, एक पट्टी चिकटवली होती. नखाएवढी, नीट कापलेली.

“बेचायच्या पयले करतात लोक. दिवा झाकून देतात. कोणाकडून घेतली?”

“मित्राकडून.”

“मग तर बातच नाही,” कडू हसला. “दुश्मन इतकी सफाई नाही करत.”

गजाननराव हसले नाहीत. देवराम मिलमध्ये मीटरच दुरुस्त करायचा. मीटर उघडून पुन्हा बंद केलेलं कोणाला कळू नये, असा हात त्याच्याखेरीज कोणाचा? पण फसवायचं होतं तर गाडी फुकट कशाला दिली असती? आणि दिव्याचं लिहिलं कशाला असतं? तीस वर्षं सोबत काम केलेला माणूस आपल्याला वाचताच आला नाही की काय?

कडूनं पट्टी ओरबाडून काढली आणि बोटावरून झटकू लागला. ती सुटेना.

“द्या इकडे,” गजाननराव म्हणाले.

पट्टी गॅरेजमधली काळी नव्हती. कापडी होती, तपकिरी. कडेला कापसाचा एक तंतू अडकला होता. सलाईनची सुई जागेवर राहावी म्हणून लावतात, ती पट्टी. जळगावच्या दवाखान्यात इंदूवहिनींच्या मनगटावर ती अशीच दिसली होती, एकीवर एक, फुलीसारखी. बुऱ्हाणपूर ते जळगाव, याच गाडीतून, दर तीन आठवड्यांनी. त्या पुढच्या सीटवर बसायच्या, बाजूलाच मीटर. दिवा लागला की घाबरायच्या.

“फेकू का?” कडूनं विचारलं.

गजाननरावांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. झाकलेला दिवा लागणार नाही, हे देवराम विसरला असेल? की पट्टी आज ना उद्या गळून पडेल, असं त्यानं धरलं होतं? काही नक्की कळेना.

दुपारपर्यंत नवा सेन्सर बसला. किल्ली फिरवली तसा पिवळा दिवा लागला. गजाननरावांनी इंजिन चालू केलं, तसा विझला. कडूनं चहाचा भरलेला ग्लास बॉनेटवर ठेवला आणि दोघं बघत राहिले. चहा हलला नाही.

घरी न जाता त्यांनी पोस्टासमोर गाडी लावली, नवं कार्ड घेतलं आणि काउंटरवरच्या दोरीला बांधलेल्या पेननं लिहिलं. आधी चार महिन्यांची माफी मागायची, असं ठरलं होतं. लिहिलं गेलं ते एवढंच : ‘रविवारी येतो. इंदूवहिनींबद्दल बोलू.’

कार्ड पेटीत टाकल्यावरही हात क्षणभर तिच्या तोंडाशीच राहिला. आत खूप खाली टप् असा आवाज झाला. पेटीत दुसरं पत्र नसावं.