शिनाण्यांची पकड

"आये, लाव जोर," द्वारकाबाईची लेक म्हणाली.

प्रयोगशाळेतल्या ट्रेमध्ये बोकडाचं ओलंचिंब हृदय होतं आणि त्यावरच्या चिरेवर लेकीने बनवलेली चिकटपट्टी. शिनाणे, म्हणजे खडकावरचे हिरवे शिंपले, भर लाटेतही खडक सोडत नाहीत. त्यांचीच युक्ती उचलून बनवलेली. माणसाचं फाटलेलं हृदय टाक्यांशिवाय सांधायला.

गेल्या वर्षी सगळ्यांनी पट्टी सरळ ओढून पाहिली. सुटली नाही, टाळ्या झाल्या. द्वारकाबाई मात्र हसली होती. "सरळ ओढून शिनाणे सुटतात काय गो? पिळून काढायचे असतात." आणि तिने पट्टी पिळून चटकन उचकटली होती. लेकीचा चेहरा पडला. पण धडधडताना हृदयही पिळलं जातंच की, हे तिला तेव्हा आठवलं. वर्षभर ती पुन्हा खपली.

आज द्वारकाबाईने पदर खोचला. चाळीस वर्षं शिनाणे काढलेल्या बोटांनी तिने पट्टी धरली आणि पिळली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा अख्खं हृदयच ट्रेमधून वर आलं. पट्टी जागची हलली नाही.

"हरले गो बाय!" ती ओरडली, पार बाहेरच्या शिपायालाही ऐकू जाईल अशी.