म्हसोबाचं वळण

केजहून बीडला निघालेली बस घाटाला लागली आणि कंडक्टर रोहिणीनं रोजच्यासारखी तिकिटं बाजूला ठेवून पुढे नजर लावली. आता म्हसोबाचं वळण येणार. ड्रायव्हर तानाजीतात्या स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडणार, वर डोळेही मिटणार. आणि तेही नेमकं वळणावर!

माणूस तसा लाखात एक. गाडी चालवताना मोबाइलला शिवणार नाही, तंबाखू नाही, कुणाशी शर्यत नाही. फक्त म्हसोबा दिसला की हात सुटायचे. ते त्यांचं त्यांनाही कळत नसे.

"तात्या, एका हातानं करा की," तिनं कालच म्हणून पाहिलं होतं.

"एका हातानं सायबाला करत्यात. देवाला न्हाई," तात्या हसले होते. "इतकी वर्सं झाली, गाडीला साधा ओरखडा न्हाई. कुनी राखलं मग?"

वर तक्रार करायची तर जीव होत नव्हता. पोटच्या लेकीसारखं वागवणारा माणूस. गप्प बसावं, तर मागे बसभर माणसं, त्यात लेकुरवाळ्या बाया.

वळणाच्या तोंडाशी शेंदूर दिसला. तात्यांची बोटं सैल झाली. रोहिणीनं दोरी ओढली. टण!

एक घंटी म्हणजे थांबा. तात्यांच्या हातांना सवय होती, तशी पायालाही होतीच. डोक्यात काही यायच्या आत पायानं ब्रेक दाबला आणि बस म्हसोबासमोर उभी राहिली.

"कोन उतरतंय?"

"कोनी न्हाई. करा नमस्कार. निवांत, दोन्ही हातानं. आमीबी करतो."

अख्खी बस हसली. पुढच्या सीटवरच्या भिवराबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "बरं केलंस बाई. पळत्या गाडीतून माजा रोज आर्धाच व्हायचा."

तात्या जरा ओशाळले. मग त्यांनीही हात जोडले, डोळे मिटले. इतक्या वर्षांत म्हसोबाला पुरता नमस्कार आजच पोचला असावा. रोहिणीला लई बरं वाटलं.

तिनं डबल बेल दिली. बस पहिल्या गिअरमध्ये हळूच वळली, आणि पलीकडे सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला! मधोमध खांद्यावर कोकरू घेतलेला सटवा मेंढका, काठी उंच करून ओरडत होता. तात्यांनी अलगद ब्रेक लावला. एका मेंढरालाही धक्का लागला नाही.

रोजच्यासारखी मिटल्या डोळ्यांनी बस इथं आली असती तर? रोहिणीनं मेंढरांकडे पाहिलं, मग तात्यांकडे.

"बघ, राखलं का न्हाई त्यानं?" तात्या म्हणाले. पण या वेळी ते हसले नाहीत.

"राखलं की," रोहिणी म्हणाली.

मेंढरं बाजूला झाली. बस शेजारून जाऊ लागली, तसा सटवानं काठी बगलेत मारली आणि ड्रायव्हरला दोन्ही हात जोडले.

तात्यांनी नुसती मान लववली. हात स्टेअरिंगवरच होते.