सवतीच्या लग्नातला आहेर

दवाखान्याच्या टाकीत अडुकेचे गोठवलेले भ्रूण होते तीन, आणि नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला उरले होते दोन महिने. लग्नात सगळ्या बायकांनी नेसायचं एकसारखं कापड सासूने अडुकेपुढे टाकलं. "बर्फातल्या अंड्यांतून पिल्लं निघतात होय गं? हे शिवून घे, आणि हसत ये."

"पाळी नियमित आहे तुमची," डॉक्टर म्हणाले. "नैसर्गिक चक्रातच रोपण करू. उगाच औषधं कशाला?"

"नैसर्गिकात दिवस शरीर ठरवतं ना? औषधांनी तो मला ठरवता येईल. औषधंच द्या."

दोन महिन्यांनी, नायजेरियातल्या इबादानच्या लग्नमांडवात आहेरासाठी नाव पुकारताच अडुके हसत उठली. सकाळच्या सोनोग्राफीत टिपलेला आवाज तिने फोनवर लावला आणि फोन माइकला टेकवला. ढोलवाल्याचे हात थांबले.



मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके.