पेशी नसेत

मातृभाषेतून निदान हा मानवजातीचा महान विजय होता. तो विजय गजाननराव खोपकरांच्या अन्ननलिकेतून बोलू लागला, तेव्हा त्यांना उचकी लागली होती.

तपासणीसाठी सकाळी गिळलेली बोलकी गोळी तिथल्या गाठीपाशी थांबली, आजूबाजूला चाचपली आणि त्यांच्या छातीतून खणखणीत आवाजात म्हणाली, "कर्करोगाच्या पेशी नसेत."

"नसेत! म्हणजे नाहीत!" मंदाताईंनी डॉक्टर वाघचौरेबाईंना मिठीच मारली. "अहो, ऐकलंत ना? सुटलो आपण!"

डॉक्टरांनी मिठी हळूच सोडवली. "ताई, नसेत म्हणजे नसेच्या आत. गाठ नसेत शिरली की रोग परतायचा धोका वाढतो. ऑपरेशननंतर औषधंही जोराची द्यावी लागतात."

मंदाताईंना रडू कोसळलं. जन्मभर मराठी शिकवलेल्या गजाननरावांना मरणाइतकाच व्याकरणाचा राग आला.

"बायकोला हसवलंस आणि रडवलंस, तेही सप्तमीच्या एका प्रत्ययावर? अगं गोळे, माझ्या नसेत डोकावण्याआधी भाषेत डोकावायचं होतंस! 'नसांत' म्हणायला काय धाड भरली होती?"

"तसं म्हणता येणार नाही," गोळी म्हणाली. "नसांत म्हणजे अनेक. इथे एकच आहे."

"एकच?" डॉक्टर झटकन पुढे सरकल्या. "मग गाठीबरोबर तीही काढता येईल. आशा आहे, सर!"

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" गजाननराव कडाडले. ते आणखी बोलणार, तेवढ्यात छातीतून ओशाळलेला आवाज आला.

"सर, घोटभर पाणी प्याल का? मी अडकलेय."