दुखण्यांची वाटणी

रेल्वेचं फाटक उघडलं, पुढच्या गाड्या सुटल्या आणि ज्येष्ठांच्या केंद्राची गाडी मात्र दोनदा खोकून गप्प बसली. रुसायला हाच मुहूर्त सापडला तिला! आज नेमक्या तपासणीच्या बाई मांडीवर फाईल घेऊन आत बसल्या होत्या.

नियम साधा होता. ज्यांना चालत केंद्रात येणं जमत नाही, त्यांनाच गाडीनं न्यायचं-आणायचं. जो चालू शकतो, त्याचं नाव यादीतून खोडायचं. आता आतली गोष्ट सांगायची तर गाडीतले सातही जण ठणठणीत होते. केंद्र चालत वीस मिनिटांवर. पण केंद्रात होतं काय? चटया, रक्तदाब आणि 'आनंदी कसे राहावे' यावर तासभर व्याख्यान, त्यात निम्मे जण घोरायचे. खरी मजा गाडीत होती. घरोघरी थांबत, सगळ्यांना गोळा करत ती पाऊण तास फिरायची. तेवढ्यात भांडणं, टोमणे, सुनांची उणीदुणी, सगळं उरकून व्हायचं.

तपासणी येणार म्हटल्यावर निवृत्त कंपाउंडरांनी सूत्रं हाती घेतली. चाळीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधलेला माणूस! त्यांनी दुखणी वाटून दिली. शिवणक्लासवाल्या मावशींना गुडघे, हवालदारांना चक्कर, बाकीच्यांना कंबर, मान, टाच आणि दम. डाव्या पायाची शीर त्यांनी स्वतःकडे ठेवली.

"एकानं दुसऱ्याचं दुखणं घ्यायचं नाही," त्यांनी बजावलं. "घोळ होतो."

रंगीत तालीमसुद्धा झाली. मावशी इतक्या झकास कण्हल्या की हवालदार खरंच पाणी आणायला धावले. चक्कर असलेल्या माणसानं धावायचं नसतं, हे त्यांना दोनदा समजवावं लागलं.

आज सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. घरोघरी ड्रायव्हरनं सगळ्यांना हात देऊन चढवलं आणि शेवटी बाई चढल्या. कपाळावरचे कलप उडालेले केस मागे सारत त्यांनी खिडकीजवळच्या जागेकडे पाहिलं.

"ही कुणाची?"

"ग्रंथपालांची होती," कंपाउंडर म्हणाले. "लेकीकडे राहायला गेले. महिना झाला रिकामीच आहे."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि तिथेच बसल्या. मावशींनी कंपाउंडरांना कोपरानं ढोसलं. रिकामी जागा दिसली की साहेबलोक आधी गाडीच बंद करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कंपाउंडरांचा तर जीव टांगणीला लागला होता. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडत, ती दिवेलागणीलाच परत. मधल्या वेळात घरात आवाज काढणारा एक फ्रिज तेवढा. नाव खोडलं गेलं तर उरलेलं आयुष्य त्याची घरघर ऐकत काढायचं, या विचारानं त्यांना खरोखर भीती वाटत होती.

मागून हॉर्न वाजायला लागले. ड्रायव्हरनं पुन्हा चावी फिरवली, कपाळावर हात मारला आणि नेहमीच्या सवयीनं ओरडला, "चला मंडळी, उतरा!"

झालं! आठवड्यातून तीनदा ऐकलेली हाक ती. पायांनी डोक्याला विचारलंच नाही. चक्करवाले हवालदार उडी मारून थेट रस्त्याच्या मधोमध, हात आडवा करून मागचा ट्रक थोपवायला. गुडघेवाल्या मावशी बाह्या सरसावून गाडीच्या मागच्या कोपऱ्याला. कंपाउंडर मध्यभागी, "एक, दोन, तीन, रेटा!" दमवाला सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. गाडी हलली, पळाली, तिच्यामागे सगळे पळाले. पन्नासेक पावलांवर इंजिन धडधडलं आणि मंडळींनी टाळ्या पिटल्या.

टाळ्या वाजवता वाजवता कंपाउंडरांना बाई आठवल्या. ते घाईघाईनं लंगडायला लागले, उजव्या पायानं.

"डावा! अहो, डावा!" मावशी कुजबुजल्या.

"राहू द्या आता," मागून आवाज आला. बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांना धाप लागली होती आणि दोन्ही तळहात गाडीच्या धुळीनं माखले होते.

सगळे गाडीत जाऊन बसले. बाईंनी हात पुसले, फाईल उघडली.

"दुखणी कुणी वाटली?"

"मी," कंपाउंडर म्हणाले. पितळ उघडं पडलंच होतं. "यांची काही चूक नाही, बाई. खोडायचं तर माझं एकट्याचं नाव खोडा. या लोकांना एकमेकांशिवाय करमत नाही हो."

"आणि तुम्हाला?"

"मला आहे ना घरी फ्रिज," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

बाईंनी सातही नावांपुढे काहीतरी लिहिलं, खाली सही ठोकली आणि फाईल कंपाउंडरांसमोर धरली. प्रत्येक नावापुढे एकच वाक्य होतं: एकट्याने येणे जमत नाही.

"पण बाई, हे तर खोटं आहे," हवालदार सवयीनं म्हणाले. मावशींनी त्यांना असा चिमटा काढला की त्यांना खरीच चक्कर यावी.

"खोटं काय त्यात?" बाई म्हणाल्या. त्यांनी फाईल मिटून पिशवीत टाकली आणि खिडकीच्या जागेवर जरा ऐसपैस टेकल्या. "येत्या तीस तारखेला मी निवृत्त होतेय. घरी मी आणि टीव्ही, दोघंच."

मग कंपाउंडरांकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "माझ्यापुरतं एखादं दुखणं शिल्लक आहे का हो?"