हाताचा गुण

कृष्णेचं पाणी चढून गढूळ झालं की मासे काठाला येतात. चाळीस पावसाळे मी गळाला कणीक लावून सगळ्यांत मोठा मासा धरला, "हाताला गुण हाय" म्हणत मिरवलो. कणीक बायको मळून द्यायची. ती वारली, म्हणून यंदा मीच मळली. तीन दिवस भर पावसात बसलो, एक मासा लागला नाही. शेजारचा गुंडा हसला, "गुण संपला व्हय रं?" चौथ्या दिवशी लेक हिंगाची डबी घेऊन काठावर आली. "आबा, गढूळ पाण्यात मासा वासावर येतो. आई कणकेत हिंग घालायची. म्हणायची, 'ह्यांना सांगू नगंस, बढाया मारताना लय गोड दिसत्यात.'" हिंग मळून गळ टाकला. काठी वाकली, हातभर रोहू बाहेर आला. "गुण हाय गड्या!" गुंडा ओरडला. डबी खिशात दाबून मी छाती फुगवली. "हाय तर!"