मोहरीएवढा चंद्र

भिंतीवरच्या चित्रात शनीची कडी संथ फिरत होती आणि त्यांच्याखाली आठ महिन्यांची रेणू रांगत होती. खरी रेणू शाल्मलीच्या मांडीवर झोपली होती.

लेकीचं हे जिवंत मॉडेल शाल्मलीनेच हौसेनं सगळ्यांसाठी खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवलं होतं. कुणीही ते उचलून आपल्या चित्रात ठेवावं, ते तिथे श्वास घेई, हसे. आठवड्याभरात रेणू चार लाख चित्रांत रांगू लागली.

"चार लाख लोक बघतात, आणि पोरीचा गाल कोरा?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मॉडेल आहे ते. मॉडेलला कसली दृष्ट लागतेय?"

"मग तू दिवसभर त्याच्याकडे का बघत बसतेस गं?"

शाल्मलीने संग्रह उघडला. तिने मॉडेलच्या गालावर काजळाची तीट लावली. संग्रहाने ती डाग समजून आपोआप पुसली. तिने परत लावली, त्याने परत पुसली.

मग तिने तयार मॉडेलांमधून एक काळा चंद्र निवडला, मोहरीएवढा केला आणि गालाला अगदी खेटून तरंगत राहील असा रेणूशी जोडून दिला. ती जाईल तिथे तोही जाणार. चंद्र काही संग्रहाला डाग वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळावर, धूमकेतूच्या शेपटीवर, पाण्याखालच्या काचेच्या शहरांत, सगळीकडे रेणूबरोबर तो चंद्र रांगत होता. कुणा अनोळखी माणसाने विचारलं, "हा चंद्र कुठल्या ग्रहाचा?"

शाल्मलीने मांडीवरचा झोपलेला गाल पाहिला आणि लिहिलं, "आमच्या घरचा आहे. तेवढा काढू नका."